नागपुरात नव्या बांधकाम परवानग्या काही काळ थांबवाव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहल्ला सभा असो, लेआउटच्या रहिवासी मंडळाची बैठक असो किंवा नगरसेवकाच्या कार्यालयातली गर्दी असो, एक मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते: पाणी पुरत नाही, गडर लाइन (मलवाहिनी) तुंबते, नाले भरून वाहतात, तेव्हा महापालिकेने नव्या इमारतींना परवानगी देणे काही दिवस थांबवावे. या मागणीमागचा त्रास खरा आहे. मात्र अशी स्थगिती कोण देऊ शकते, तिची झळ कोणाला बसते आणि ती मागताना कोणती काळजी घ्यावी, याबद्दल बराच गोंधळ दिसतो. बैठकांमध्ये लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांचीच उत्तरे येथे दिली आहेत.

तात्पुरती स्थगिती म्हणजे नेमके काय?

नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे शहरात मुख्यतः महापालिकेने, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक क्षेत्रात नव्या बांधकामाचे अर्ज मंजूर न करणे, म्हणजे स्थगिती. तिचा अर्थ उभ्या इमारती पाडणे असा नाही आणि मंजूर नकाशाप्रमाणे सुरू असलेले काम बंद पाडणे असाही नाही. बोलताना तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: नवी परवानगी न देणे, तयार इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र न देणे आणि नवी नळजोडणी न देणे. पहिल्या गोष्टीचा फटका ज्याने अजून वीट रचलेली नाही त्याला बसतो. दुसरी आणि तिसरी गोष्ट मात्र कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या आणि ताब्याची वाट पाहत भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या मुळावर येते. म्हणून सभागृहात प्रस्ताव येईल तेव्हा तो या तिन्हींपैकी कशाबद्दल आहे, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट असले पाहिजे.

नागपुरात ही मागणी का जोर धरते?

याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही पाण्याशी जोडलेली आहेत.

पहिले कारण पिण्याच्या पाण्याचे. शहराची तहान मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी भागवतात. मध्य प्रदेशात पेंच नदीवर वरच्या बाजूला चौराई धरण झाल्यानंतर पेंच प्रकल्पाच्या तोतलाडोह धरणात येणारे पाणी घटले. २०१९ मध्ये पाऊस लांबला, तोतलाडोह मृतसाठ्यापर्यंत खाली गेले आणि जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. चोवीस तास पाण्याचे स्वप्न दाखवल्या गेलेल्या शहराला तो मोठा धक्का होता. पेंचच्या पाण्यावर शेतकऱ्यांचाही हक्क आहे, त्यामुळे शहराचा वाटा हवा तसा वाढवता येत नाही.

दुसरे कारण पुराचे. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री आणि २३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. १८७० मध्ये बांधलेला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठची अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी ही वस्ती झोपेतच पाण्यात गेली. त्या पुरात जीवितहानीही झाली. नंतर मी ओळखीच्या एका घरी गेलो, तेव्हा भिंतीवर विजेच्या बोर्डाच्या थोडी वर चिखलाची सरळ रेघ उमटली होती. रंग दिल्यानंतरही ती ओल मारत होती. ते घर नवे नव्हते आणि बेकायदाही नव्हते. नदीचे पात्र मात्र वर्षानुवर्षे भिंती, पूल आणि भराव यांनी आवळले गेले होते, आणि पावसाने ते एका रात्रीत दाखवून दिले.

तिसरे कारण गडर लाइनचे. त्याची कहाणी पुढच्या उत्तरात येते.

एका प्लॉटवर फ्लॅट स्कीम आल्याने एवढा काय फरक पडतो?

हिशेब करून पाहावा. आपल्याकडच्या जुन्या लेआउटमध्ये दीड हजार ते तीन हजार चौरस फुटांचे प्लॉट सर्रास आढळतात. तीन हजार फुटांच्या प्लॉटवर पूर्वी एक बैठे घर होते आणि त्यात पाच माणसे राहत होती. माणशी दररोज १३५ लिटर हे घरगुती पाण्याचे प्रचलित प्रमाण धरले, तर त्या घराला ६७५ लिटर पाणी लागत होते. त्याच जागी खाली पार्किंग, वर चार मजले आणि मजल्यावर दोन फ्लॅट अशी स्कीम झाली, तर आठ कुटुंबे म्हणजे चाळीस माणसे येतात आणि गरज ५,४०० लिटरवर जाते. ही आठपट वाढ आहे. वापरलेल्या पाण्याचा साधारण ऐंशी टक्के भाग सांडपाणी होतो, म्हणजे त्या प्लॉटच्या चेंबरमधून रोज चार हजार लिटरहून जास्त सांडपाणी बाहेर पडते. साठ प्लॉटच्या लेआउटमध्ये वीस प्लॉटवर असे झाले, की रोजच्या गरजेत साडेचौऱ्याण्णव हजार लिटरची भर पडते. नळाची आणि गडरची लाइन मात्र बैठ्या घरांच्या काळात टाकलेलीच राहते.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चेंबरचे झाकण लोकांनी दगड ठेवून दाबले आहे. सकाळी सात ते नऊ या वेळात त्या झाकणाच्या कडेने पाणी वर येते, शाळेची मुले उड्या मारत तेथून जातात आणि दहानंतर ते पाणी ओसरते. तक्रार केली की गाडी येते, लाइन मोकळी होते आणि पंधरा दिवसांनी तेच सुरू होते. लाइनमध्ये कचरा अडकला म्हणून हे होत नाही. सकाळच्या दोन तासांत येणाऱ्या लोंढ्याला पाइप अपुरा पडतो.

येथे नियमांतली एक फट सांगितली पाहिजे, कारण तिची चर्चा फारशी होत नाही. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवर सक्तीचे आहे. तीन हजार चौरस फूट म्हणजे सुमारे २७९ चौरस मीटर. म्हणजे ज्या छोट्या प्लॉटवर आज सर्वाधिक माणसे वाढत आहेत, त्यांतले बहुतेक या सक्तीच्या बाहेरच राहतात.

महापालिकेचे सभागृह ठराव करून परवानग्या थांबवू शकते का?

सभागृह ठराव करू शकते, पण केवळ त्या ठरावाने परवानग्या थांबत नाहीत. बांधकाम परवानगीचा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४४ नुसार अर्ज येतो आणि कलम ४५ नुसार तो मंजूर किंवा नामंजूर होतो. हा अधिकार प्रत्यक्षात आयुक्त आणि त्यांचा नगररचना विभाग वापरतो, आणि निर्णय विकास आराखडा व नियमावली यांच्या चौकटीत घ्यावा लागतो. अर्ज नियमांत बसत असेल, तर “सभागृहाचा ठराव आहे” एवढ्या कारणावर दिलेला नकार अपिलात किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे टिकणे कठीण असते.

फाइल नुसती दाबून ठेवणे हा तर याहून वाईट मार्ग आहे. साठ दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाल्याचे मानले जाते. म्हणजे स्थगितीच्या नावाखाली फाइल थांबवली, तर छाननी न होताच बांधकाम उभे राहण्याची वाट मोकळी होते.

याशिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ नुसार राज्य शासन महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर शहराने प्रशासकाचा काळ पाहिला आहे. निवडून आलेल्या सभागृहात होणाऱ्या उघड चर्चेचे मोल म्हणूनच मोठे आहे आणि ती चर्चा कायद्याच्या पायावर व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

मग कायद्यात बसणारा मार्ग कोणता?

मार्ग आहेत, पण ते वेळ घेणारे आहेत. १९६६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली नियमावलीत किंवा आराखड्यात फेरबदल करता येतो. त्यासाठी जाहीर नोटीस, नागरिकांच्या हरकती व सूचना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी असे टप्पे आहेत. कलम १५४ खाली राज्य शासन नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते. नदीकाठासाठी तर वेगळी तरतूद आधीपासूनच आहे: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये ते निर्बंधांसह होते. नाग आणि पिवळी नदीच्या काठावर या रेषा प्रत्येक प्लॉटपर्यंत उतरवून नकाशावर लोकांना दाखवल्या, तर पुराच्या भागासाठी वेगळी स्थगिती मागण्याची गरजच बरीच कमी होईल.

सभागृहाच्या ठरावाचे खरे वजन या प्रक्रियेला सुरुवात करून देण्यात आहे. “शासनाकडे अमुक क्षेत्रासाठी अमुक मुदतीचा प्रस्ताव पाठवावा आणि तोपर्यंत त्या क्षेत्रातील पाणी व मलवाहिनीच्या क्षमतेचा अहवाल आयुक्तांनी सभागृहापुढे ठेवावा” असा ठराव झाला, तर त्यातून काही हाती लागेल.

इतर शहरांत असे झाले आहे का?

होय, पण आपल्या राज्यातल्या ठळक उदाहरणांत हात न्यायालयाचा होता. घनकचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईबाबतही तसाच आदेश झाला, मात्र पुनर्विकासासारख्या कामांना त्यातून वगळले होते. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह मुदतबंद सवलत दिली, तेव्हा मुंबईची कोंडी फुटली. पुण्यात २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीच्या नव्या इमारतींचा प्रश्न पाणीटंचाईमुळे न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये घनकचरा धोरण न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या बांधकामांवरच स्थगिती दिली होती. बंगळुरूत २०१९ मध्ये पाण्याअभावी नव्या अपार्टमेंटना पाच वर्षे बंदी घालण्याचा विचार तेथील सरकारने बोलून दाखवला होता, तो तसाच राहिला.

मुंबईच्या आदेशात कचऱ्याचे प्रमाण आणि विल्हेवाटीची व्यवस्था यांची सांगड घातलेली होती. आपल्याकडे भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळ राहणाऱ्या लोकांनी धूर आणि दुर्गंधी सोसत जी वर्षे काढली, ती पाहता हा धडा नागपूरने न्यायालयाने बोलावण्याआधीच गिरवायला हवा.

स्थगिती दिली तर बांधकाम थांबेल, की फक्त सरकेल?

माझ्या मते हा या साऱ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठी नागपूरच्याच इतिहासाकडे पाहावे लागते.

महापालिकेचा अधिकार हद्दीपुरता चालतो. मनीषनगर हद्दीत आहे, पण तेथून पुढे बेसा, बेलतरोडीकडे गेले की महापालिकेची हद्द संपते. शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रासाठी २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए आहे आणि शहराच्या आतल्या काही भागांत नागपूर सुधार प्रन्यासाची भूमिका राहिली आहे. केवळ महापालिकेने हात आखडता घेतला, तर बिल्डर रस्ता ओलांडून पलीकडे जाईल. तेथे नळ नसेल तर बोअरवेल खणली जाईल, बोअरवेल आटली की टँकर येईल आणि सांडपाणी शेवटी त्याच नाल्यांतून याच शहराच्या वाट्याला येईल. म्हणून महापालिका, प्रन्यास आणि एनएमआरडीए यांचे एकत्र धोरण नसेल, तर स्थगितीचा उपयोग फार थोडा.

दुसरा अनुभव अधिक कडू आहे. नागपुरात “५७२ लेआउट” आणि “१९०० लेआउट” हे शब्द प्लॉट घेतलेल्या कोणालाही ठाऊक असतात. शेतजमिनीचे तुकडे पाडून मंजुरीविना विकलेले हे प्लॉट घेणारे लोक लुटारू नव्हते. मंजूर प्लॉट परवडत नव्हता आणि घराची गरज थांबत नव्हती, म्हणून शिक्षक, गिरणी कामगार, पोलीस शिपाई, भाजीविक्रेते यांनी आयुष्याची पुंजी तेथे घातली. पुढे असे प्लॉट नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आला, आणि आरएल लेटर (नियमितीकरणाचे पत्र) व डिमांड नोट (त्यासाठी भरायच्या शुल्काचे मागणीपत्र) यांसाठी लोकांच्या चकरा सुरू झाल्या. रस्ता, गडर लाइन आणि वीज यायला एकेका वस्तीला पंधरा-वीस वर्षे लागली. मंजूर घरांचा पुरवठा आटला की बिगरमंजूर प्लॉटचा बाजार फुलतो, हे आपण एकदा पाहिले आहे. सरसकट स्थगिती दिली, तर ते पुन्हा घडेल अशी मला खरी भीती वाटते.

स्थगितीने घरांच्या किमती आणि भाडी वाढतील का?

हाती असलेल्या तयार फ्लॅटचे दर चढण्याची शक्यता आहे, आणि मुदत जितकी लांब व अनिश्चित तितकी ती जास्त. भाडेकरूंवर, विशेषतः शिकण्यासाठी आणि नोकरीसाठी विदर्भातल्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींवर, त्याचा भार आधी पडेल.

मी फ्लॅट बुक केला आहे. माझे काय होईल?

प्रकल्पाला परवानगी आधीच मिळालेली असेल, तर केवळ नव्या परवानग्यांच्या स्थगितीचा त्यावर थेट परिणाम व्हायला नको. मात्र परवानगीची मुदत एक वर्षाची असते आणि तेवढ्यात काम सुरू झाले नाही, तर ती वाढवून घ्यावी लागते. अशी मुदतवाढ म्हणजे “नवी परवानगी” नव्हे, हे आदेशात लिहिलेले असावे. ते लिहून घेणे खरेदीदारांच्या हिताचे आहे आणि सभागृहात त्यांच्या वतीने कोणी तरी हे बोलले पाहिजे.

परवानगीच नसताना बुकिंग घेतले असेल, तर प्रथम महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आहे का ते पाहावे. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क असतो. पण जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नसते. वर हिशेबात घेतलेली आठ फ्लॅटची स्कीम नेमकी या सवलतीत बसते. अशा स्कीममध्ये पैसे देण्याआधी मंजूर नकाशाची प्रत स्वतः पाहावी आणि स्थगितीची चर्चा सुरू असताना “परवानगी येतेच आहे” या शब्दावर टोकन देऊ नये.

स्वतःच्या घरावर एक खोली किंवा मजला चढवायचा असेल तर?

मालक स्वतः राहत असलेल्या घराची दुरुस्ती, मोडकळीस आलेल्या घराची फेरबांधणी आणि एका कुटुंबापुरती वाढ यांना स्थगितीतून वगळले पाहिजे. लेकाच्या लग्नाआधी वर दोन खोल्या काढणाऱ्या माणसाला आणि बारा फ्लॅटच्या स्कीमला एकच माप लावणे अन्यायाचे होईल. पंतप्रधान आवास योजनेतली घरकुले, पट्टे मिळालेल्या झोपडपट्टीतली घरे, रुग्णालये आणि शाळा यांनाही हीच सूट हवी.

बांधकाम मजुरांचा विचार कोणी करतो का?

फारसा होत नाही, आणि तो व्हायला हवा. सकाळी शहरातल्या कोणत्याही मजुरांच्या ठिय्यावर उभे राहिले तर हातात थापी किंवा घमेले घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. त्यांतली कितीतरी माणसे भंडारा-गोंदिया, बालाघाट आणि छत्तीसगडकडून आलेली असतात. त्यांना आज काम मिळाले तरच संध्याकाळची चूल पेटते. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणासाठी गोळा होतो. स्थगिती देताना त्या निधीतून नोंदणीकृत मजुरांना आधार देण्याची शिफारस महापालिकेने शासनाला करावी, आणि पाणी व गडर लाइनची कामे त्याच काळात काढावीत, म्हणजे हातांना काम राहील आणि ज्या कारणासाठी स्थगिती दिली ते कारणही दूर होईल.

थोडक्यात, स्थगितीला तुमचा पाठिंबा आहे की विरोध?

शहरभराच्या सरसकट स्थगितीला माझा विरोध आहे. जेथे पाइपची किंवा नाल्याची क्षमता संपल्याचे मोजून दाखवता येते, तेवढ्याच भागासाठी, लिहून दिलेल्या तारखेपर्यंत आणि त्या काळात करायच्या कामाच्या कार्यादेशासह दिलेल्या स्थगितीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मुदत सहा महिन्यांची असावी आणि ती वाढवायची असेल तर सभागृहापुढे नव्याने कारणे मांडावीत. निधीची तरतूद नसेल, तर स्थगितीचा ठरावही करू नये. तारीख आणि पैसा नसलेल्या बंदीने गडर लाइन एक इंचानेही रुंद होत नाही.

दुसरे म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा विषय सोडून ही चर्चा करता येणार नाही. २०००मध्ये मंजूर झालेला आराखडा २०११ पर्यंतच्या शहराचा विचार करून आखला होता. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर हुडकेश्वर-नरसाळा हद्दीत आले. आजच्या वस्तीला त्या काळची गणिते लावून परवानगी देणे किंवा नाकारणे, दोन्ही अंदाजपंचेच ठरते.

सामान्य नागरिकाने आपले म्हणणे कोठे आणि कसे मांडावे?

कलम ३७ ची नोटीस निघाली, की तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना देता येते आणि सुनावणीला हजर राहता येते. नोटीस निघण्याआधीही नगरसेवकामार्फत प्रश्न मांडता येतो, आणि माहितीच्या अधिकारात आपल्या लेआउटमधील जलवाहिनी व मलवाहिनीचा व्यास, ती टाकल्याचे वर्ष आणि गेल्या काही वर्षांत दिलेल्या परवानग्यांची संख्या मागता येते. “आम्हाला त्रास होतो” एवढेच लिहिले तर तो अर्ज फाइलमध्ये राहतो. त्याऐवजी पंधरा दिवसांची नोंद ठेवावी: नळ किती वाजता आला, पंधरा लिटरची बादली भरायला किती मिनिटे लागली, चेंबर कोणत्या वेळी वर आले, टँकर किती आले आणि पावसात पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत चढले. वहीतली ती पाने शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी हरकतीला जोडावीत आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.